कोयीपासून वाढवलेले ॲव्होकाडोचे झाड भरपूर फुलते, पण फळ टिकत नाही: झाड ठेवावे की काढावे?

अंगणवासी (प्रश्न)

नमस्कार. घरामागच्या बागेत कोयीपासून वाढवलेले ॲव्होकाडोचे एक झाड आहे. ते साधारण सात-आठ वर्षांचे असून दुमजली घराच्या छपरापर्यंत पोहोचले आहे. मागील हंगामांत त्यावर तुरळक फुले दिसली होती. यंदा मात्र फांद्यांच्या शेंड्यांवर इतका दाट फुलोरा आला की खालची पाने दिसेनाशी झाली. त्यानंतर मोहरीएवढी असंख्य फळे धरली, त्यांतली काही वाटाण्याएवढी झाली आणि मग तीही एकामागून एक गळून गेली. आज झाडावर एकही फळ नाही.

दुसरी तक्रार पानांची आहे. जुन्या पानांची टोके तपकिरी होऊन करपतात, करपलेला भाग कडांवरून देठाकडे सरकत जातो आणि अशी पाने लवकर गळतात. फुलोऱ्याच्या वेळी झाड जवळजवळ बोडके झाले होते. नवी पालवी येते, पण तिची पाने लहान आणि फिकट असतात. जमीन भारी, चिकणमातीची आहे. बुंध्याभोवती खोलगट आळे केलेले असून त्यात रोज थोडे थोडे विंधणविहिरीचे पाणी दिले जाते. आळ्याच्या काठापर्यंत हिरवळ आहे. खत म्हणून वर्षातून एकदा शेणखत आणि फुलोऱ्याच्या आधी म्युरेट ऑफ पोटॅश देतो.

या झाडाबद्दल आजवर मिळालेले सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. एकटे झाड कधीच फळत नाही, जोडीला दुसरे लावाच, असे काही जण सांगतात. कोयीच्या झाडावर वेळ घालवण्यापेक्षा ते काढून कलम लावावे, असे दुसऱ्यांचे म्हणणे आहे. आणि पाने करपतात म्हणजे पाणी कमी पडते, तेव्हा पाणी वाढवा, असेही ऐकले. दुसरे झाड लावणे, हे झाड काढून टाकणे आणि पाणी वाढवणे यांपैकी नेमके काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वाफसा

आपण विचारलेल्या तीन पर्यायांपैकी शेवटचा, म्हणजे पाणी वाढवण्याचा, आज तरी पूर्णपणे बाजूला ठेवावा अशी माझी पहिली विनंती आहे. आपल्या वर्णनात फुलांपेक्षा पानांनी जास्त माहिती दिली आहे आणि ती माहिती मुळांकडे बोट दाखवते.

ॲव्होकाडो हे दालचिनीच्या कुळातील झाड असून त्याचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील जंगलांत आहे. तेथील जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर असतो आणि त्याखालची माती भुसभुशीत, पाणी चटकन खाली जाऊ देणारी असते. अशा जमिनीत वाढल्यामुळे या झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे अतिशय उथळ, बहुतांशी वरच्या २० ते ३० सेंटिमीटरमध्ये पसरलेली असतात आणि इतर अनेक फळझाडांच्या मुळांवर जशी सूक्ष्म लव असते तशी लव त्यांच्यावर जवळजवळ नसते. म्हणजे पाणी शोषण्याची त्यांची क्षमता मुळातच मर्यादित, आणि हवेची गरज मात्र मोठी. सतत ओली राहणारी चिकणमाती आणि पाणी साठवणारे खोलगट आळे या दोन गोष्टी अशा मुळांना सर्वांत जास्त घातक ठरतात.

ओल्या, हवा नसलेल्या मातीत फायटोफ्थोरा सिनामोमी नावाचा बुरशीसारखा जीव वाढतो. त्याचे बीजाणू मातीतील पाण्याच्या पातळ थरातून अक्षरशः पोहत मुळांपर्यंत जातात. जगभरातील ॲव्होकाडोच्या बागांचे सर्वांत मोठे नुकसान याच मूळकुजीने झालेले आहे. तिची लक्षणे फसवी असतात. बारीक मुळे मेल्यामुळे झाडाला पाणी ओढता येत नाही, पाने लहान व फिकट पडतात, शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागतात आणि भर दुपारी झाड तहानलेले दिसते. पाहणाऱ्याला वाटते की पाणी कमी पडले. तो आणखी पाणी देतो आणि उरलेली मुळेही जातात. माती ओली असताना पाने मलूल होत असतील, तर पाणी थांबवणे हाच उपाय असतो.

करपलेल्या टोकांचे कारण बहुधा वेगळे, पण त्याच सवयीशी जोडलेले आहे. ॲव्होकाडो क्षारांना, विशेषतः क्लोराइडला, फार संवेदनशील आहे. पाण्यातील क्लोराइड लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या वर गेले की त्याला त्रास होऊ लागतो, असा सर्वसाधारण संकेत आहे. रोज थोडे पाणी दिले की ते वरच्या थरातच मुरते आणि उडून जाते. क्षार मात्र नेमके बारीक मुळांच्या पट्ट्यात साठत राहतात. ते पाण्याबरोबर पानांत चढतात आणि पानाच्या टोकाशी गोळा होऊन तेथील पेशी मारतात. टोकापासून सुरू होऊन कडांवरून मागे येणारी, आणि जुन्या पानांवर आधी दिसणारी करप ही या विकाराची खूण आहे. त्यात आपण म्युरेट ऑफ पोटॅश देत आहात. हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. वजनाने त्यात जवळजवळ निम्मे क्लोराइडच असते. पालाश द्यायचेच असेल, तर सल्फेट ऑफ पोटॅश द्यावे.

यापुढे काय करावे ते क्रमाने सांगतो. प्रथम फांद्यांच्या घेराखाली, बुंध्यापासून थोडे दूर, हाताच्या खुरप्याने दोन-तीन ठिकाणी १५ सेंटिमीटरपर्यंत माती अलगद बाजूला करून मुळे पाहावीत. पांढरट-पिवळसर, वाकवल्यावर न तुटणारी मुळे जिवंत समजावीत. काळी पडलेली आणि सहज तुटणारी मेलेली. एक जागा आळ्यात आणि एक आळ्याबाहेर निवडावी, म्हणजे तुलना करता येईल. ही पाहणी झाल्याशिवाय कोणतेही औषध विकत घेऊ नये.

त्यानंतर रोजचे पाणी बंद करावे. त्याच खोलीवरची मूठभर माती दाबून पाहावी. गोळा होऊन तो बोटाच्या हलक्या दाबाने फुटत असेल तर वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची, आहे असे समजावे आणि पाणी द्यावे. गोळा चिकट राहत असेल तर थांबावे. पाणी देताना मात्र हात आखडता घेऊ नये: फांद्यांच्या संपूर्ण घेराखाली, सावकाश, वरची ३० सेंटिमीटर माती भिजेल इतके द्यावे. अधूनमधून याहूनही जास्त पाणी देऊन साठलेले क्षार मुळांच्या पट्ट्याखाली धुऊन न्यावेत. अर्थात हे पाणी खाली निघून जाण्याची सोय असेल तरच; निचरा नसलेल्या जागी क्षार धुण्याचा प्रयत्न म्हणजे मुळे बुडवणे. पावसाचे पाणी साठवता येत असेल, तर ते या झाडासाठी राखून ठेवावे.

परागकण

वाफसा यांनी मुळांबद्दल लिहिलेल्याशी मी सहमत आहे. दुसऱ्या झाडाच्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्याविषयी अर्धवट माहिती फार फिरते.

ॲव्होकाडोच्या प्रत्येक फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, पण ती एका वेळी कामात येत नाहीत. फूल दोनदा उमलते. पहिल्या उमलण्यात ते मादी असते: मधली कुक्षी पराग घेण्यास तयार असते आणि नऊ पुंकेसर पाकळ्यांवर आडवे पसरलेले असतात. काही तासांनी फूल मिटते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उमलते तेव्हा पुंकेसर उभे राहून पराग सोडतात आणि कुक्षीची वेळ संपलेली असते. एका झाडावरची सगळी फुले हे वेळापत्रक एकाच वेळी पाळतात, हे याहून विलक्षण.

वेळापत्रकानुसार जातींचे दोन गट पडतात. अ गटातील जातींची फुले सकाळी मादी म्हणून उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर नर म्हणून. हास, रीड, पिंकर्टन या जाती या गटात येतात. ब गटाची फुले दुपारनंतर मादी असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर. फुएर्ते, बेकन, झुटानो, एटिंगर या त्या गटातल्या जाती. म्हणजे सकाळी ब गटाचे पराग अ गटाच्या मादी फुलांना मिळतात आणि दुपारी उलट. दोन गटांची झाडे जवळ असली की फळधारणा सुधारते ती यामुळे.

परंतु एकटे झाड कधीच फळत नाही, हे विधान खरे नाही. हे वेळापत्रक उबदार आणि स्थिर हवामानातच काटेकोर राहते. हवा थंड असली की उमलणे आणि मिटणे लांबते, मादी आणि नर अवस्थेतील फुले काही काळ एकाच झाडावर एकत्र येतात आणि मधमाश्या व माश्या त्याच झाडाचे पराग इकडून तिकडे नेतात. बागेत एकटीच उभी असलेली अनेक झाडे दरवर्षी बऱ्यापैकी फळे देतात ती याच वाटेने.

आपल्या झाडाबाबत आणखी एक निरीक्षण महत्त्वाचे आहे. फलन न झालेली फुले सहसा काही दिवसांतच गळतात. आपल्याकडे काही फळे वाटाण्याएवढी झाली, म्हणजे त्यांतील काही फुलांपर्यंत तरी पराग पोहोचले असावेत. त्यांची गळ का झाली याचे उत्तर मग परागणात कमी आणि झाडाच्या ताकदीत जास्त शोधावे लागते. फुलोऱ्याच्या वेळी जुनी पाने काही प्रमाणात गळणे हे या झाडाला नैसर्गिक आहे. नवी पालवी लगेच त्यांची जागा घेते. मात्र करपलेली पाने आधीच गळून गेली असतील, तर फुलोरा, नवी पालवी आणि कोवळी फळे या तिघांनाही पोसायला झाडाजवळ शिल्लक राहत नाही. अशा वेळी झाड फळे सोडते. त्यातच उष्ण, कोरडा वारा सुटला आणि मुळे पाणी पुरवू शकली नाहीत, तर एकाच आठवड्यात झाड रिकामे होऊ शकते.

अपेक्षा किती ठेवावी हेही सांगतो. मोठे झाड एका हंगामात दहा लाखांच्या आसपास फुले देऊ शकते आणि त्यांतून हजारात एखादे फळ टिकले तरी पीक उत्तम मानतात. तेव्हा फुलांचा सडा पाहून निराश होण्याचे कारण नाही.

पुढच्या फुलोऱ्यात एखाद्या उबदार दिवशी सकाळी आणि दुपारी अशी दोन वेळा फुले जवळून पाहावीत. सकाळी पुंकेसर आडवे आणि दुपारी उभे दिसले तर झाड अ गटाचे. सकाळी उभे आणि दुपारी आडवे दिसले तर ब गटाचे. दुसरे झाड किंवा फांदी निवडायची वेळ आली, तर ही माहिती हाताशी हवी. फुलोरा चालू असताना झाडावर कीटकनाशक फवारू नये, हे सांगण्याची गरज नसावी, तरीही सांगून ठेवतो.

पाचरकलम

झाड काढून टाकण्याचा विचार मला अजिबात पटत नाही. कोयीचे झाड आईसारखे फळ देत नाही हे खरे, आणि त्याला फळ येण्यास पाच वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंत कितीही काळ लागू शकतो हेही खरे. पण आपल्या झाडाने तो काळ ओलांडला आहे. फुलोरा येऊ लागला म्हणजे त्याचे बालपण संपले. आता त्याला काढून नवे कलम लावले, तर पुन्हा तीन-चार वर्षे थांबावे लागेल आणि माती तीच राहील.

कोयीतून काय निघेल याचा अंदाज कोणालाच नसतो. आज जगभर सर्वाधिक लावली जाणारी हास ही जात कॅलिफोर्नियात ला हाब्रा हाइट्स येथे रुडॉल्फ हास या टपाल खात्यातील कर्मचाऱ्याने लावलेल्या एका कोयीतून आली. त्या रोपावर त्यांना फुएर्ते जातीचे कलम बांधायचे होते. कलमे जगली नाहीत, रोप तसेच वाढले आणि त्याची फळे इतकी सरस निघाली की १९३५ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले. आपल्या झाडाची फळे एकदा तरी पिकवून, चाखून मगच निर्णय घ्यावा.

फळे निकृष्ट निघाली तरी झाड तोडण्याची गरज नाही, त्याची जात बदलता येते. मोठ्या झाडाच्या काही फांद्या आखूड कापून त्यांवर हव्या त्या जातीच्या काड्या साल कलम किंवा पाचर कलम पद्धतीने बांधतात. एक-दोन जुन्या फांद्या पानांसह राखून ठेवाव्या लागतात, म्हणजे कलम जीव धरेपर्यंत मुळांचे पोषण चालू राहते. काडी फळे देणाऱ्या झाडाची, पेन्सिलएवढ्या जाडीची, शेंड्याचे डोळे फुगलेले पण न उघडलेले अशी घ्यावी. पाने कापून देठ ठेवावेत आणि ती ओलसर कागदात गुंडाळून शक्य तितक्या लवकर वापरावी. जोडताना काडीची आणि फांदीची सालीखालची हिरवी रेघ निदान एका बाजूला तरी जुळली पाहिजे, नाहीतर बाकीची सगळी काळजी वाया जाते. मुळांचा पसारा तयार असल्याने अशा कलमांवर साधारण दोन-तीन वर्षांत फळ दिसू शकते. शिवाय परागकण यांनी सांगितलेल्या दुसऱ्या गटाची एकच फांदी या झाडावर बांधली, तर दुसऱ्या झाडाची जागाही वाचते. माझ्या मते आपण येत्या हंगामातच ती फांदी बांधावी.

वाफसा

पाचरकलम यांच्या तंत्राबद्दल मला शंका नाही, पण त्यांनी सुचवलेल्या वेळेला माझा विरोध आहे. कलम जगते ते खुंटात, म्हणजे ज्या मूळ झाडावर ते बांधतात त्यात, रस जोमाने चढत असेल तर. मुळे कुजत असलेल्या झाडावर फांद्या कापल्या, तर कापलेल्या जागा भरून येत नाहीत, उघड्या पडलेल्या फांद्यांची साल उन्हाने भाजते आणि कलम सुकले की दोष तंत्राला दिला जातो. आधी पालवीचा एक तरी बहर ठणठणीत, मोठ्या हिरव्या पानांचा येऊ द्यावा; त्यानंतरच चाकू हातात घ्यावा.

हासच्या गोष्टीला एक पुरवणी जोडतो. असंख्य कोयींतून एखादी हास निघते, हे लक्षात ठेवून आशा बाळगावी. आणि ते मूळ झाड दीर्घकाळ मूळकुजीशी झुंजून अखेर २००२ मध्ये मेले. जगभर पसरलेल्या त्या जातीचे मूळ झाडही या रोगातून सुटले नाही.

अंगणवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे माती बाजूला करून पाहिले. आळ्याच्या आतील बारीक मुळे जवळजवळ सगळी काळी असून बोटांनी चुरडली जातात. तेथील मातीला आंबूस वासही येतो. आळ्याबाहेर, हिरवळीच्या खाली, मुळे कमी आहेत, पण त्यांतली बरीच पांढरट आणि लवचीक आहेत. यावरून झाड वाचण्याची शक्यता आहे असे समजावे का? आळे बुजवावे का, हिरवळ खणून काढावी का आणि औषधाची गरज आहे का, हे कृपया सांगावे. तसेच भविष्यात दुसरे झाड लावायचे ठरले, तर अशा जमिनीत ते कसे लावावे?

वाफसा

आळ्याबाहेरची मुळे जिवंत आहेत ही चांगली खूण आहे. झाड आज त्यांच्यावरच उभे आहे आणि आपले सारे काम त्या मुळांना आळ्याच्या बाहेर पसरू देणे एवढेच आहे.

आळ्याचे काठ सपाट करावेत, पण बुंध्यावर माती चढवू नये. बुंधा जमिनीला मिळतो तो फुगीर भाग उघडा राहिला पाहिजे. पाणी बुंध्याकडे न येता बाहेर वाहून जाईल असा हलका उतार ठेवावा. हिरवळ खणू नये, कारण खणताना तिच्याखालची जिवंत मुळेच तुटतील. तिच्यावर जाड पुठ्ठे पसरून ते भिजवावेत आणि त्यांवर लाकडाच्या जाडसर ढलप्या, फांद्यांचे तुकडे व पाचोळा यांचे १० ते १५ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन फांद्यांच्या घेरापर्यंत घालावे. गवत खाली कुजून जाईल. बुंध्याभोवती मात्र वीतभर जागा मोकळी सोडावी. ओले, बारीक कापलेले गवत एकावर एक थापून आच्छादन करू नये. ते चिकटून बसते आणि हवा अडवते.

आच्छादनाचा उपयोग ओल टिकवण्यापुरता नाही. फायटोफ्थोराच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते आणि लाकूड कुजवणारे सूक्ष्मजीव सेल्युलोज फोडणारी विकरे सोडतात. त्यामुळे कुजत्या ढलप्यांच्या थरात या रोगजंतूला टिकणे अवघड जाते, आणि ॲव्होकाडोची नवी मुळे तर थेट त्या थरातच वर येऊन पसरतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये काही बागाईतदारांनी भरपूर सेंद्रिय आच्छादन आणि कॅल्शियम यांच्या जोरावर हा रोग आटोक्यात ठेवला होता, त्यामागचे कारण हेच. जिप्समचा (कॅल्शियम सल्फेटचा) मर्यादित वापर या दृष्टीने उपयुक्त आहे: कॅल्शियममुळे बीजाणू तयार होण्याचे प्रमाण घटते, आणि सोडियममुळे घट्ट झालेल्या चिकणमातीची घडणही सुधारते. चुना मात्र माती परीक्षणाशिवाय घालू नये. मातीचा सामू (pH) ७ च्या वर गेला की लोह मिळेनासे होते आणि कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो.

औषधाविषयी बोलायचे तर फॉस्फरस अम्लाचे क्षार, ज्यांना फॉस्फोनेट म्हणतात, या रोगावर अनेक देशांत वापरले जातात. ते पानांवर फवारल्यास किंवा बुंध्यात टोचल्यास अन्नरसाबरोबर खाली मुळांपर्यंत जातात आणि झाडाची प्रतिकारशक्ती जागी करतात. आपल्या भागात त्यांना परवानगी आहे का आणि मात्रा किती, हे वेष्टनावरील सूचनेनुसार आणि स्थानिक कृषी सल्लागाराला विचारूनच ठरवावे. निचरा सुधारल्याशिवाय दिलेले औषध फार काळ टिकत नाही, हे मात्र निश्चित.

मुळे कमी झाली असल्याने वरचा भार थोडा हलका करावा. वाळलेले शेंडे आणि अगदी उंच गेलेल्या एक-दोन फांद्या काढाव्यात. सरसकट छाटणी करू नये. छाटणीमुळे ज्या फांद्यांची साल उन्हात उघडी पडेल, त्यांना पाण्यात विरघळणारा पांढरा रंग तितकेच पाणी मिसळून लावावा. काढलेली पाने आच्छादनात चालतील, पण ती शेळ्या, ससे, घोडे किंवा पिंजऱ्यातील पक्षी यांच्यापुढे टाकू नयेत. त्यांतील पर्सिन हे द्रव्य या प्राण्यांना विषारी ठरते. खत या काळात अगदी कमी द्यावे. दुखावलेल्या मुळांना खतातील क्षारही जड जातात.

नवे झाड लावायचे असेल, तर ते या झाडाच्या जागी लावू नये. भारी जमिनीत खड्डा खणून त्यात चांगली माती भरणे म्हणजे जमिनीत पाणी साठवण्याचे भांडे पुरणे होय. त्याऐवजी जमिनीवरच ३० ते ६० सेंटिमीटर उंचीचा आणि दीड मीटर तरी रुंदीचा उंचवटा करून त्यावर कलम लावावे, मुळांच्या गोळ्याचा माथा उंचवट्याच्या पातळीतच ठेवावा आणि त्यावर आच्छादन घालावे. लागवड करताना मुळे हलवू नयेत, गुंता सोडवण्याच्या नादात पिंजू तर मुळीच नयेत. रोगाला दाद न देणाऱ्या खुंटावरचे कलम मिळाले तर उत्तम. दुसा आणि टोरो कॅन्यन हे असे सुपरिचित खुंट आहेत. पाणी खारट असेल, तर वेस्ट इंडियन वंशाचा खुंट क्षार अधिक सोसतो, मात्र त्या वंशाला थंडी सोसत नाही. मेक्सिकन वंशाचे नेमके याच्या उलट आहे.

पाचरकलम

मुळांची ही अवस्था पाहता वाफसा यांचे म्हणणे मान्य आहे. कलम बांधण्याचा विचार पुढे ढकलावा. तोपर्यंत काड्या कोणत्या झाडाच्या घ्यायच्या ते शोधून ठेवावे. त्या झाडाची फळे आपण स्वतः खाल्लेली असावीत आणि त्याचा फुलांचा गट माहीत असावा, एवढे पाहिले तरी पुरे.

आपल्या झाडाची जात ठाऊक नसल्याने एक अडचण येईल, ती आताच सांगतो. ॲव्होकाडो झाडावर कधीच मऊ होत नाही. ते पक्व झाल्यावर तोडावे लागते आणि मग घरात पिकते. पक्व फळ रंगाने ओळखता येईलच असे नाही, कारण काही जाती पिकताना काळ्या पडतात आणि काही शेवटपर्यंत हिरव्याच राहतात. मोठ्या बागांत गरातील शुष्क पदार्थाचे प्रमाण मोजतात. कॅलिफोर्नियात हाससाठी ते किमान २०.८ टक्के असावे असा दंडक आहे. घरी याहून सोपी चाचणी आहे. एक फळ थोडा देठ ठेवून कापावे आणि घरातील तापमानाला ठेवावे. आठवडा ते दोन आठवड्यांत ते सारखे मऊ झाले, साल सुरकुतली नाही आणि कापल्यावर कोयीवरचे आवरण पातळ, तपकिरी, कागदासारखे निघाले, तर फळे तयार आहेत. फळ रबरासारखे चिवट राहून आक्रसले आणि कोयीचे आवरण जाड व पांढरट दिसले, तर आणखी काही आठवडे थांबून दुसरे फळ तोडून पाहावे. घाई नसते, कारण पक्व फळे जातीनुसार काही आठवडे ते काही महिने झाडावर चांगली टिकतात. तरीही सगळी फळे फार काळ झाडावर ठेवली, तर पुढच्या वर्षीचा फुलोरा घटतो आणि झाडाला वर्षाआड फळण्याची सवय लागते.

पहिल्या पिकात फळे मोजकीच असतील. चाचणीसाठी त्यांतले सर्वांत मोठे फळ निवडावे आणि तोडल्याची तारीख लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी फळे केव्हापासून तपासायची, ते त्या नोंदीवरून ठरवता येईल.